खेळ कंपनीचा, कायदे खेळाडूंचे : पोकेमॉनच्या ऑनलाइन स्पर्धांचा इतिहास

१/
मुंबई-आग्रा महामार्गावरचे घोटी हे भाताच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव. तेथील एखाद्या विद्यार्थ्याला आज हातातल्या मोबाइलवरून फ्रान्स किंवा ब्राझीलमधील खेळाडूशी पोकेमॉनची लढत खेळता येते, ठरलेल्या नियमांच्या स्पर्धेत नाव नोंदवता येते आणि निकाल मान्य नसेल तर पंचांकडे दाद मागता येते. या स्पर्धांना बहुधा प्रायोजक नसतो, मैदान नसते, बक्षीसही नसते. तरीही त्या २० हून अधिक वर्षे भरत आल्या आहेत. त्या कोण भरवते आणि त्यांचे कायदे कोणी केले, याचा हा धागा.

२/
आधी खेळ समजून घेऊ. दोन्ही खेळाडूंकडे प्रत्येकी सहा पोकेमॉन असतात आणि प्रत्येक पोकेमॉनला चार चाली. दर फेरीला दोघेही आपली चाल गुप्तपणे निवडतात. मग दोन्ही चाली एकदम उघड होतात आणि सामान्यतः अधिक वेगवान पोकेमॉन आधी वार करतो. पाणी आगीला भारी, आग वनस्पतीला भारी, वनस्पती पाण्याला भारी. असे आज एकूण १८ प्रकार आहेत. वार करण्याऐवजी मैदानातला पोकेमॉन बदलताही येतो. त्यामुळे समोरचा काय करील याचा अंदाज बांधणे हे यातले मुख्य कौशल्य. दैवाचाही वाटा आहेच : एकाच वाराची तीव्रता ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान बदलते आणि सरासरी २४ पैकी एक वार दीडपट बसतो.

३/
या खेळाचा उगमच मुळी हौशी खेळाडूंच्या धडपडीत आहे. सातोशी ताजिरी हे टोकियोजवळच्या माचिदा येथे वाढले. कीटक पकडून जमवणे हा त्यांचा बालपणीचा छंद. १९८३ मध्ये त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचे नियतकालिक काढले. हाताने लिहिलेली पाने टाचून केलेले, व्हिडिओ गेममधील युक्त्या सांगणारे. आपल्याकडच्या महाविद्यालयीन हस्तलिखितांशी त्याचे नाते सहज जुळावे. चित्रकार केन सुगिमोरी याच नियतकालिकामुळे त्यांना येऊन मिळाले. १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी उभी राहिली. वाचक-लेखकांच्या गटातून निर्मात्यांचा गट झाला.

४/
१९८९ मध्येच निन्टेन्डोचा गेम बॉय बाजारात आला. दोन गेम बॉय एका तारेने जोडता येत, तिला लिंक केबल म्हणत. या तारेवरून एखादा कीटक एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात चालत जावा, अशी ताजिरींची कल्पना होती. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्या निघाल्या. काही पोकेमॉन केवळ एकीत होते, काही केवळ दुसरीत. सगळे जमवायचे तर दुसऱ्या माणसाची गरज होतीच. मात्र तारेच्या लांबीने प्रतिस्पर्धीही ठरवून टाकला होता : तो आपल्याच वर्गातला किंवा आपल्याच गल्लीतला असणार.

५/
अडचण इथून सुरू झाली. खेळाची रचना एकट्या मुलाने कथा पार करावी अशी होती. दोन जाणते खेळाडू समोरासमोर बसले की समतोल कोसळे. म्यूटू हा पोकेमॉन बाकीच्यांपेक्षा इतका बलवान होता की तो ज्याच्याकडे, त्याची बाजू जवळजवळ जिंकलेली. प्रतिस्पर्ध्याला झोपवणारी चाल त्याहून त्रासदायक. पहिल्या पिढीत झोपलेला पोकेमॉन सात फेऱ्यांपर्यंत निकामी राहू शकत असे. एकामागून एक सहाही पोकेमॉन झोपवले तर समोरच्याने करायचे काय? १९९७ मध्ये जपानात निन्टेन्डोच्या नावाने मोठी स्पर्धा झाली. पण रोजच्या लढतींत हा तंटा खेळाडूंनाच सोडवावा लागे.

६/
महाराष्ट्राला हा तंटा अपरिचित नाही. हुतुतूचे वेगवेगळे प्रकार गावोगाव खेळले जात. ‘संजीवनी’ प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, तर ‘अमर’मध्ये बाद झालेला गडीही मैदानातच राही आणि केवळ गुण मोजले जात. दोन गावांचे संघ समोर आले की आधी ठरवावे लागे : आज कोणता हुतुतू? खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूची नियमावली केली. खेळ जुना होता. तो गावाबाहेर पडून परक्या गड्यांशी खेळण्याची वेळ आली, तेव्हा त्याला लिखित कायदा मिळाला. पोकेमॉनचेही असेच झाले आणि त्याला गावाबाहेर काढले इंटरनेटने.

७/
गेम बॉयच्या तारेतून इंटरनेटवर जाता येत नव्हते. म्हणून चाहत्यांनी लढतीचा भाग तेवढा संगणकावर नव्याने लिहून काढला. अशा प्रोग्रामला सिम्युलेटर म्हणतात. आरंभी गप्पांच्या खोल्यांमध्ये केवळ अक्षरांतून लढती चालत : अमुक पोकेमॉनने अमुक चाल केली, इतके नुकसान झाले. त्यानंतर ‘नेटबॅटल’, २००७ च्या सुमारास ‘शॉडी बॅटल’, २०१० च्या सुमारास ‘पोकेमॉन ऑनलाइन’ असे एकामागून एक सिम्युलेटर आले. यांपैकी एकही कंपनीने केलेला नव्हता. विद्यार्थीदशेतल्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या चाहत्यांनी रिकाम्या वेळात केलेले हे काम होते.

८/
या कामात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. मूळ खेळातच चूक असेल तर सिम्युलेटरने ती सुधारावी का? पहिल्या पिढीत अचूक मानली जाणारी चालसुद्धा हिशेबातील दोषामुळे २५६ पैकी एकदा चुकत असे. बहुतांश सिम्युलेटरकर्त्यांनी ही चूक तशीच ठेवली. मूळ खेळ जसा होता तसाच तो समोर ठेवायचा, ही त्यांची भूमिका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत संपादकांनी स्वतःला रुचणारा पाठ निवडला नाही, हस्तलिखितांच्या पुराव्याने सिद्ध होणारा पाठ निवडला. सिम्युलेटरमागची शिस्त याच जातीची आहे, विषय कितीही वेगळा असो.

९/
डिसेंबर २००४ मध्ये ‘स्मोगॉन’ हे संकेतस्थळ सुरू झाले. कॉफिंग या विषारी धूर सोडणाऱ्या पोकेमॉनचे जर्मन भाषेतील नाव स्मोगॉन, तेच या स्थळाने घेतले. तोवर नियम जागोजागी वेगळे होते. इथे ते एकत्र लिहिले गेले, त्यांवर वाद झडले आणि ठराव झाले. झोपेचा नियम पाहा : एका वेळी प्रतिस्पर्ध्याचा एकच पोकेमॉन झोपवावा. मूळ खेळातील यंत्र हा नियम पाळायला भाग पाडत नाही, म्हणून सिम्युलेटरमध्ये तशी सोय मुद्दाम करावी लागली. म्हणजे मूळ पाठाशी इमान राखणाऱ्यांनीच इथे पाठ बदलला! हा विसंवाद वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. अखेर नवव्या पिढीच्या मुख्य गटात झोपवणाऱ्या चालींवरच बंदी आली.

१०/
स्मोगॉनची सर्वांत मोठी देणगी म्हणजे गट. कुस्तीत वजनगट असतात, कारण हलक्या मल्लालाही स्वतःची लढत मिळायला हवी. पोकेमॉनचे गट ठरतात वापरावरून. एखादा पोकेमॉन किती संघांत दिसतो याची दर महिन्याला मोजणी होते. वरच्या गटाची कसोटी अशी : सामान्य खेळाडूला १५ लढतींत तो पोकेमॉन निदान एकदा भेटण्याची शक्यता निम्मी तरी हवी. गणित केले की हा आकडा ४.५२ टक्के येतो. पूर्वी १५ ऐवजी २० लढती धरत, तेव्हा तो ३.४१ टक्के होता. वापर त्याखाली गेला की पोकेमॉन खालच्या गटात उतरतो. त्यामुळे दुबळ्या, दुर्लक्षित पोकेमॉनलाही खेळण्याजोगे एक मैदान उरते. कोण बलवान हे कोणा अधिकाऱ्याने ठरवायचे नाही, हजारो खेळाडूंच्या निवडीतून ते मोजायचे, ही यामागची कल्पना.

११/
मोजणीने प्रत्येक प्रश्न सुटत नाही. २०११ चा पावसाचा वाद हे त्याचे उत्तम उदाहरण. पाचव्या पिढीत एका पोकेमॉनच्या नुसत्या आगमनाने पाऊस सुरू होई आणि लढत संपेपर्यंत तो थांबत नसे. दुसऱ्या काही पोकेमॉनचा वेग पावसात दुप्पट होई. एकेकटे दोघेही सुसह्य, एकत्र आले की अजिंक्य. मग बंदी कोणावर घालायची? खेळाडूंनी तोडगा काढला की दोन्हींना मुभा राहील, पण एकाच संघात दोन्ही चालणार नाहीत. यावर आक्षेपही आला. अशी जोडबंदी एकदा मान्य केली की उद्या प्रत्येक जण आपल्या आवडत्या पोकेमॉनला वाचवण्यासाठी नवी जोडी पुढे करील. अपवाद केला की त्याचा दाखला होतो, ही कायद्याच्या इतिहासातील जुनी चिंता इथे विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींनी मांडली.

१२/
बंदीचा निर्णय कसा होतो? संशयित पोकेमॉन ठरावीक मुदतीसाठी खेळात ठेवतात. त्या मुदतीत जो खेळाडू क्रमवारीत नेमलेली पातळी गाठतो, त्याला मताचा अधिकार मिळतो. बंदीसाठी साधारणतः ६० टक्के मते लागतात. डायमंड-पर्लच्या पिढीत गार्चोम्प हा लोकप्रिय पोकेमॉन खेळाडूंच्या अशाच निर्णयामुळे मुख्य गटातून बाहेर गेला. त्याला घडवणाऱ्या कंपनीचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. तिच्या खेळात तो सुखाने नांदत होता.

१३/
हे लोकशाहीचे निर्दोष रूप मानू नये. मत मिळते ते वेळ आणि कौशल्य असलेल्यांना. अनेक निर्णय मतदानाआधीच निवडक खेळाडूंची समिती घेते. सारा कारभार इंग्रजीत चालतो, म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाला चाल कळली तरी वादात उतरणे अवघड. आणि सगळ्यांत मोठी मर्यादा मालकीची. पात्रे, नावे, चित्रे कंपनीची आहेत. चाहत्यांचे सिम्युलेटर टिकले ते तिने खपवून घेतले म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये केवळ लढतींना वाहिलेल्या ‘पोकेमॉन चॅम्पियन्स’ या अधिकृत खेळाची घोषणा झाली, तोही कन्सोलबरोबर मोबाइलसाठी. चाहत्यांनी अनेक वर्षे ज्याची गरज सिद्ध केली, ते आता मालकही करू लागला आहे. पुढे जुन्या सिम्युलेटरांचे काय होणार, हा प्रश्न यामुळे अधिक टोकदार झाला.

१४/
आता आपल्याकडे येऊ. पोकेमॉनची मालिका भारतात २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली आणि हिंदीतून घराघरांत पोहोचली. पिकाचू सर्वांना ठाऊक झाला, पण ज्या खेळावर मालिका बेतली होती तो फार थोड्यांनी पाहिला होता. गेम बॉय आणि त्यानंतरची यंत्रे आपल्याकडे दुर्मिळ आणि महाग. २००९ पासून व्हिडिओ गेमची अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू झाली खरी, परंतु तिच्या वाटेवर यंत्राची किंमत, खेळाची किंमत आणि मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास असे तीन टोलनाके होते.

१५/
ते नाके चुकवणारी वाट २०११ मध्ये तयार झाली. त्या वर्षी ‘पोकेमॉन शोडाउन’ हा सिम्युलेटर आला. तो ब्राउझरमध्ये उघडतो, फुकट आहे आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. यंत्र नको, खेळाची प्रत नको, काही उतरवून घेणेही नको. पोकेमॉन पकडून वाढवण्यात महिने घालवावे लागत नाहीत, काही मिनिटांत संघ बांधून होतो. लढतीत हलते ते मुख्यतः अक्षरांचे आणि लहान चित्रांचे ओझे, त्यामुळे मंद जोडणीवरही खेळ चालतो. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही लहरी होतात अशा इगतपुरीच्या पट्ट्यात ही बाब किरकोळ नाही.

१६/
१८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला पोहोचला आणि या परिसराचा मुंबईशी संबंध कायमचा बदलला. डेटाच्या बाबतीत तसा टप्पा सप्टेंबर २०१६ मध्ये आला. जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल इंटरनेटचे दर कोसळले. त्याच डिसेंबरात ‘पोकेमॉन गो’ जिओच्या भागीदारीत भारतात आला. हा खेळ फिरण्याचा होता, स्पर्धात्मक लढतीचा नव्हे. पण लहानपणी मालिका पाहिलेल्या पिढीच्या हातात आता फोन होता, डेटा होता आणि शोडाउनचा पत्ता शोधण्याची जिज्ञासाही होती. मालिका २००३ ची, सिम्युलेटर २०११ चा, डेटा २०१६ चा : तीन वेगळ्या काळांतील गोष्टी एकत्र आल्या आणि लहान गावातला खेळाडू जागतिक ड्रॉमध्ये बसू शकला.

१७/
अशी स्पर्धा प्रत्यक्षात भरते कशी? जत्रेच्या आखाड्यात जोड लावणारे जाणकार असतात, इथे ते काम आयोजक चिठ्ठ्या टाकून करतो. बहुधा बाद पद्धत, आणि दैवाचा वाटा कमी व्हावा म्हणून तीनपैकी दोन डाव जिंकायचे. एका फेरीसाठी सहसा आठवड्याची मुदत असते. दोघांनी आपापसांत वेळ ठरवायची. भारत आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यात ऋतूनुसार साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे अंतर, म्हणून आपल्या खेळाडूच्या वाट्याला बऱ्याचदा पहाट किंवा मध्यरात्र येते. बोलणी सर्वांना दिसतील अशा जागी करायची. कारण कोणी आलाच नाही, तर वेळ ठरवण्याचा प्रयत्न कोणी अधिक केला हे त्या संदेशांवरून पाहून आयोजक निर्णय देतो. लढत संपली की तिचा रिप्ले पुरावा म्हणून जोडायचा.

१८/
याच पायावर मोठ्या संघस्पर्धा उभ्या राहिल्या. २०१० पासून स्मोगॉनची प्रीमियर लीग भरते. तिच्यात संघांचे व्यवस्थापक आभासी गुण खर्चून लिलावात खेळाडू घेतात. आपल्या वाचकांना आयपीएल आठवेल, फरक इतकाच की इथे कोणालाही पैसे मिळत नाहीत. देश आणि प्रदेशवार संघांची विश्वचषक स्पर्धाही आहे आणि तिच्यात भारताच्या नावाने संघ उतरत आला आहे. त्याला शासनाने निवडलेले नाही, महासंघाची मान्यता नाही, अंगावर गणवेशही नाही. टोपणनावांनी वावरणाऱ्या खेळाडूंनी एकत्र येऊन स्वतःला भारत म्हटले आणि समोरच्यांनी ते मान्य केले. राष्ट्राचे प्रतिनिधित्व कोण करू शकते, या प्रश्नावर इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे असे हे उदाहरण आहे.

१९/
आता या क्षेत्रात राज्यसंस्थाही आली आहे. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून अधिक पैसे मिळवण्याच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, तो बंदी घालतो. ई-स्पोर्ट्सला मात्र तो स्वतंत्र ओळख देतो आणि स्पर्धेचे प्रवेशशुल्क व कामगिरीवरील बक्षीस यांना त्या चौकटीत जागा ठेवतो. मित्रांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून ते विजेत्याला देण्याची पद्धत अनेक हौशी गटांना निरुपद्रवी वाटत आली. पण आता वर्गणी, शुल्क आणि पण यांतली रेषा आयोजकाला समजून घ्यावीच लागेल. खेळाडूंनी स्वतः केलेल्या कायद्यांवर प्रथमच देशाच्या कायद्याची चौकट बसली आहे.

२०/
इतिहासाच्या दृष्टीने खरा धोका मात्र दुसरीकडे आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले आणि चाहत्यांनी हाताने रचलेली असंख्य पाने त्याबरोबर गेली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. भारतातल्या एका पिढीचे पहिले ऑनलाइन समुदाय तिथे घडले होते. आज लहान स्पर्धा गप्पांच्या खासगी सर्व्हरवर भरतात. सर्व्हर ज्याच्या नावावर, त्याचा रस संपला की ड्रॉ, निकाल, वाद आणि निवाडे एका क्लिकने पुसले जातात. जागतिक स्पर्धांच्या नोंदी कोणीतरी जपतो. एखाद्या तालुक्यातल्या १६ मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत भरवलेल्या स्पर्धेच्या नोंदी जपायला त्या मुलांखेरीज कोणी नसते.

२१/
हुतुतूच्या लिखित नियमांमुळे आपण आज सांगू शकतो की अमुक साली अमुक जिमखान्यात हा खेळ असा खेळला जाई. त्यापूर्वीच्या शेकडो गावांतल्या सामन्यांविषयी आपल्याजवळ जवळजवळ काही नाही. तिथेही वाद झाले असतील, कोणी शहाणपणाचा तोडगा काढला असेल, पण तो कोणी लिहिला नाही. २०५० मध्ये एखादा संशोधक आपल्या पिढीच्या खेळांविषयी लिहू लागेल तेव्हा त्याला कंपन्यांचे ताळेबंद आणि जाहिराती भरपूर सापडतील. खेळाडू एकमेकांशी कसे वागले, नियम मोडणाऱ्याला त्यांनी काय शिक्षा केली आणि गैरहजर राहिलेल्याला किती सवलत दिली, हे मात्र त्याला तिथे मिळणार नाही.

२२/
म्हणून हा धागा वाचणाऱ्यांपैकी जे स्पर्धा भरवतात त्यांना एक विनंती. स्पर्धा संपली की पाच गोष्टी वेगळ्या काढून ठेवा : तारीख, नियमावली, ड्रॉ, निकाल आणि वादांवर दिलेले निर्णय. खेळाडूंची खरी नावे नकोत, टोपणनावे पुरेशी आहेत. दुव्यांवर विसंबू नका, मजकूर उतरवून घ्या. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, एक दुसऱ्या कोणाकडे द्या आणि जमल्यास चार पाने छापून गावातल्या वाचनालयात ठेवा. घोटीत असो वा गडहिंग्लजला, आठ जणांच्या स्पर्धेचीही अशी नोंद करण्यास अर्धा तास पुरतो. आपली जुनी दप्तरेसुद्धा हिशेब, तक्रारी आणि निवाडे यांनीच भरलेली आहेत. लिहिणाऱ्यांना तेव्हा आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले नव्हते.